निकालानंतरचे पंधरा दिवस

मे अथवा जून महिन्यातील एखाद्या दिवशी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर होतो, त्या वेळी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी अद्याप सुटलेली नसते. यंत्राशी उभा असलेला बाप हात पुसून मोबाइल उघडतो, मुलाचा बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरतो आणि पडद्यावर उमटलेल्या आकड्यांकडे पाहत क्षणभर थबकतो. अपेक्षा पंच्याऐंशी टक्क्यांची असते, हाती एकसष्ट येतात. किंवा सगळे विषय सुटतात आणि एकट्या गणितापाशी घोडे अडते. संध्याकाळी चुंचाळे, दत्तनगर, कामटवाडे या वस्त्यांतून पेढ्यांचे पुडे इकडून तिकडे जात असतात, तेव्हा अशा एखाद्या घराचे दार लोटलेले असते. त्या लोटलेल्या दाराआड पुढील पंधरा दिवसांत जे ठरते, ते गुणपत्रिकेवरील आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक दूरवर जाऊन पोहोचते. आश्चर्य असे की, आकड्यांवर जितकी चर्चा होते तिच्या शतांशानेही या निर्णयांवर होत नाही.

अंबडची वस्ती मुख्यतः श्रमिकांची. खानदेशातून, मराठवाड्यातून आणि त्याहून दूरच्या प्रांतांतून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यात एका दरवाजाचे अंतर असते आणि तो दरवाजा बहुधा कागदावरील शिक्षणाने उघडतो, हे या कुटुंबांनी रोजच्या अनुभवातून शिकून घेतलेले आहे. आपल्या मुलाची ‘कंत्राटी’ या शब्दातून सुटका व्हावी म्हणून बाप ओव्हरटाइम करतो, आई घरकामे धरते आणि क्लासची फी हप्त्यांनी भरली जाते. त्यामुळे अनपेक्षित कमी निकाल हा त्या घरात निव्वळ हिरमोड राहत नाही; तो फसलेला व्यवहार वाटू लागतो. अशा वेळी ‘गुण म्हणजे सर्वस्व नव्हे’ हे सुभाषित ऐकवून कोणाचेही समाधान होत नाही. ज्याने पै-पैचा हिशेब ठेवून मुलाला शिकविले त्याला उत्तरही हिशेबाच्याच भाषेत दिले पाहिजे.

त्या हिशेबाची पहिली नोंद महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातच सापडते. ८ जून २०१९ रोजी जाहीर झालेला दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण राज्याने क्वचितच पाहिली होती. २०१८ साली अनुत्तीर्ण झालेल्या नियमित विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख ७२ हजार होती. २०१९ साली ती सुमारे ३ लाख ७० हजारांवर गेली. शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २०१८ साली १२५ होते, ते २०१९ साली २० उरले. पुढच्याच वर्षी निकाल ९५.३० टक्क्यांवर चढला आणि शंभर टक्केवाल्यांची संख्या २४२ झाली. आता प्रश्न असा की, २०१९ साली परीक्षेस बसलेली मुलेच तेवढी मंद होती काय? त्यांचे गुरुजी त्या एकाच वर्षी शिकवायचे विसरले होते काय?

तसे काहीही घडले नव्हते. बदलला होता तो मोजण्याचा गज. त्या वर्षी दहावीची पाठ्यपुस्तके नवीन होती आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेकडून मिळणारे वीस अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले होते. आधीच्या पद्धतीत लेखी परीक्षेचे ऐंशी व अंतर्गत वीस गुण एकत्र धरून पस्तीस मिळविले की विद्यार्थी उत्तीर्ण होई. ज्याला शाळेतून अठरा गुण मिळाले त्याला लेखी परीक्षेत सतरा पुरत. ते वीस गुण गेल्यावर पस्तीसच्या पस्तीस उत्तरपत्रिकेतूनच काढणे भाग पडले. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण मात्र कायम राहिल्याने अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतील, अशी ओरड झाली. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये शासनाने ते गुण पुन्हा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे २०१८, २०१९ आणि २०२० या तीन सालांत समान कुवतीची तीन मुले परीक्षेस बसली असती, तर त्यांतील मधल्याचा पेढा तेवढा हुकला असता. २०२१ साली तर साथीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला!

हा अनुभव केवळ महाराष्ट्राच्या वाट्याला आला असेही नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या परीक्षा साथीमुळे रद्द झाल्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका संगणकीय सूत्रातून काढण्यात आल्या आणि त्यांतील सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली उतरल्या. ज्या मुलांना विद्यापीठाची दारे उघडलेली दिसत होती त्यांना ती एका सकाळी बंद झालेली आढळली. मुले रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी शासनाला ते सूत्र मागे घ्यावे लागले. सूत्र मागे घेतल्याने मुले काही एका रात्रीत हुशार झाली नाहीत, तसेच सूत्र लागू झाल्याने ती एका रात्रीत अडाणीही झाली नव्हती.

याचा अर्थ गुणांना काहीच मोल नाही, असा मात्र कोणी काढू नये. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली एक मार्मिक विवेचन केले. पुढे २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, नोकरी देणाऱ्याला उमेदवाराच्या अंगची कर्तबगारी आधी दिसू शकत नाही, म्हणून तो तिची खूण शोधतो आणि शिक्षणाचे प्रमाणपत्र ही अशी एक खूण असते. खूण आणि वस्तू यांत फरक आहे. डब्यावरील चिठ्ठी चुकीची लागली म्हणून आतील धान्य बदलत नाही. परंतु चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक निघून जाते, हेही तितकेच खरे. तेव्हा कमी गुण मिळालेल्या मुलापुढील काम दुहेरी असते. आतील धान्य खरोखर कसे आहे ते तपासायचे आणि चिठ्ठी सुधारता येत असेल तर ती वेळेत सुधारून घ्यायची. धान्यच फेकून देणे हा यांतील कोणत्याच कामाचा भाग नव्हे. पण अनेक घरांत नेमके तेच होते.

अनपेक्षित निकाल ही एक माहिती आहे आणि ती तीन प्रकारची असू शकते. कधी चूक तपासणीत अथवा बेरजेत असते, कधी तयारीत असते, तर कधी वाटेच्या निवडीत असते. तिन्हींचे उपाय निराळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही. ज्या विषयात आजवरच्या चाचण्यांच्या मानाने गुण फारच विसंगत दिसतात, तेथे गुणपडताळणीसाठी अर्ज करावा, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषयशिक्षकाला दाखवावी आणि त्याने होकार दिला तरच पुनर्मूल्यांकनाचा खर्च करावा. या अर्जांची मुदत थोडी असते आणि रडण्या-रागावण्यात ती निघून गेली की ती वाट बंद होते. तयारी कमी पडली असेल तर अनुत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी पुरवणी परीक्षा आहे. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरात होई आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून दहावीच्या मुलांसाठी ती निकालानंतर लगेच घेण्याची पद्धत सुरू झाली. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर सवलतीने अकरावीत प्रवेशही मिळतो. जो उत्तीर्ण झाला पण गुणांनी निराश झाला, त्याच्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेस बसता येते.

वाटेच्या निवडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंबडसारख्या ठिकाणी तो बहुधा उलटा सोडविला जातो. नव्वद टक्के मिळाले तर विज्ञान शाखा, कमी पडले तर आयटीआय, आणि नापास झाला तर हेल्पर, अशी एक उतरंड सर्वांनी मनाशी बांधून ठेवलेली असते. वस्तुतः ज्या कारखान्यांच्या भोंग्यावर या वस्तीचे घड्याळ चालते, त्यांना टर्नर, फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन हवेच असतात. वेल्डरसारख्या काही व्यवसायांचे प्रशिक्षण तर दहावी न सुटलेल्यालाही घेता येते. पदविकेसाठी तंत्रनिकेतनाची वाट दहावीनंतर उघडते आणि पदविकेवरून पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास जाता येते. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. कामावर असताना शिकू इच्छिणाऱ्यांसाठीच त्याचा जन्म झाला. आयटीआयला शिक्षा म्हणून गेलेला मुलगा आणि आवड म्हणून गेलेला मुलगा एकाच यंत्रावर बसतात, पण एकच विद्या घेऊन बाहेर पडत नाहीत. उतरंड मोडून ती वाट ताठ मानेने दाखविणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आता बापाच्या हिशेबाकडे पुन्हा वळले पाहिजे. ‘एवढे पैसे ओतले आणि हे फळ मिळाले, आता एक पैसाही घालणार नाही,’ हे वाक्य निकालाच्या रात्री अनेक घरांत उच्चारले जाते. त्यातील वेदना खरी असली तरी हिशेब चुकलेला असतो. जो खर्च होऊन गेला आणि काहीही केले तरी परत येणार नाही त्याला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात. आणि पुढील निर्णय करताना तो धरायचाच नाही, हा या शास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. विचार करावयाचा तो यापुढील एका वर्षाच्या खर्चाचा आणि त्यापासून मिळणाऱ्या लाभाचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लावले तर पहिल्या महिन्यापासून चार पैसे घरात येतात, हे नाकारता येत नाही. परंतु हेल्परच्या कामात शिकण्यासारखे थोडे आणि झिजण्यासारखे फार असते. त्याचा खाडा झाला की मजुरी कापली जाते आणि काम आटले की पहिला तोच घरी बसतो. जे मिळाले ते दिसते. एका विषयापायी जे कायमचे हातचे गेले ते दिसत नाही, आणि न दिसणारे नुकसानच मोठे असते.

मुलगी असेल तर हिशेबाला आणखी एक कलम जोडले जाते. मुलाच्या अपयशानंतर ‘पुन्हा बसेल’ असे म्हणणारे घर मुलीच्या अपयशानंतर ‘आता स्थळे पाहू’ असे म्हणू लागते. येथे कायद्याची एक विचित्र पोकळी ध्यानात घेण्यासारखी आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा या वयापर्यंतच मुलाचा हात धरतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगांत लावण्यास बंदी केली, पण इतर कामांची दारे मोकळीच राहिली. मुलीचे लग्न अठराच्या आत करता येत नाही, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु कायदा सांगतो आणि लग्नाची तिथी निघते या दोन गोष्टी अजूनही पुष्कळदा एकाच गावात घडतात. शाळेचा हक्क संपलेला आणि प्रौढत्वाचे हक्क न मिळालेले असे हे चार वर्षांचे अंतर आहे. आणि दहावीचा निकाल नेमका त्याच्या मध्यावर येऊन पडतो. या अंतरात मुलाला घराखेरीज दुसरा आधार नसतो. घरच फिरले तर त्याने जावे कोठे?

या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आकड्यांच्या रूपाने येते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. यांतील प्रत्येकामागे परीक्षाच होती असे म्हणणे धाडसाचे होईल. एखाद्या आयुष्याचा अंत एकाच कारणाने क्वचितच होतो. परंतु निकालाचे दिवस हे जपण्याचे दिवस असतात, याविषयी दुमत असू नये. जो मुलगा एकाएकी गप्प होतो, जेवणाचे ताट परत करतो, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे सहज बोलून जातो, त्याला एकटे सोडू नये. त्याला काय वाटते ते सरळ विचारावे आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, हे प्रत्येक शाळेच्या फळ्यावर निकालाच्या दिवशी ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.

शाळेचे कर्तव्य यापुढे जाते. उत्तीर्णांच्या सत्कारासाठी शाळा सभागृह सजविते. अनुत्तीर्ण मुलगा मात्र कोणाशीही न बोलता कचेरीच्या खिडकीशी येतो आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतो. ती खिडकी हे या सर्व प्रश्नाचे खरे नाके आहे. दाखला हातात पडला की तो मुलगा शाळेच्या पटावरून आणि पुष्कळदा शिक्षणावरूनही उतरतो. त्या क्षणी लिपिकाने दाखल्याचे पुस्तक उघडण्यापूर्वी पुरवणी परीक्षेचा अर्ज पुढे केला, त्याची शेवटची तारीख सांगितली आणि वर्गशिक्षकाला हाक मारली, तर त्या पाच मिनिटांत जे साधेल ते मोठमोठ्या समुपदेशन शिबिरांतून साधणार नाही. वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील जी चार-सहा नावे निकालात मागे राहिली त्यांच्या घरी आठवडाभरात एकदा जाऊन यावे. उन्हाळी सुट्टीत हे काम अधिकचे आहे, यात शंका नाही. परंतु शिक्षकाचे दारात येणे या वस्तीत अजूनही मानाचे समजले जाते, आणि बापाचा राग त्या मानापुढे बराचसा ओसरतो.

शासनानेही एका भ्रमातून बाहेर पडावयास हवे. निकालाची टक्केवारी फुगविली की अपयशाचा प्रश्न सुटतो, हा तो भ्रम. २०१० पासून सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्यात येऊ लागले. पुढे गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ या शब्दाऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आला. हेतू चांगला होता. पण चलन वाढविल्याने देश श्रीमंत होत नाही, तसे गुण वाढविल्याने विद्या वाढत नाही. उलट जेथे चौऱ्याण्णव टक्के मुले उत्तीर्ण होतात तेथे उरलेल्या सहा टक्क्यांवरील कलंक अधिक गडद होतो. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु त्याच निकालात सुमारे ९१ हजार नियमित विद्यार्थी मागे राहिले. त्यांतील किती जणांनी पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला, किती जण आयटीआयला गेले आणि किती जण कोणत्याच पटावर उरले नाहीत, याची शाळावार नोंद विभागीय मंडळाने निकालाइतक्याच तत्परतेने प्रसिद्ध केली, तर शाळांचे लक्ष आपोआप त्या खिडकीकडे वळेल. जे मोजले जाते त्याचीच व्यवस्था काळजी घेते. शासनाप्रमाणे उद्योगांनाही येथे वाटा उचलता येईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांना ज्या जागा भरावयाच्या असतात, त्यांची माहिती निकालाच्या आठवड्यात अंबड परिसरातील शाळांच्या फलकांवर लागली, तर ठेकेदाराच्या आधी शिकण्याची वाट मुलापर्यंत पोहोचेल.

शेवटी प्रश्न त्या लोटलेल्या दारापाशीच येतो. जुनी अकरावीची मॅट्रिक एका फटक्यात सुटली नाही, म्हणून ऑक्टोबरात पुन्हा बसलेली आणि पुढे कचेऱ्यांतून, शाळांतून आयुष्यभर चोख काम केलेली माणसे मागील पिढीत घरोघर होती. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात कोणी त्यांचे मॅट्रिकचे गुण विचारले नाहीत. त्यांना दुसरी संधी मिळाली ती कोणा एका वडीलधाऱ्याने त्या पंधरा दिवसांत डोके शांत ठेवले म्हणून. निकालाच्या दिवशी पाळी संपवून घरी परतणाऱ्या बापाने सायकल भिंतीला लावावी, हातपाय धुवावेत आणि मुलाला आपल्या शेजारी बसवून जेवावयास वाढण्यास सांगावे. अर्ज, छायाप्रत, प्रवेश हे सर्व दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री मुलाला एवढेच कळावे लागते की, गुणपत्रिकेतले आकडे बदलले तरी ताटाभोवतीची त्याची जागा बदललेली नाही.